गोचिडी काढणारी दहबिया

वाळवंटाच्या काठावरच्या दूझ गावात कुणाच्या कुत्र्याच्या कानात गोचीड दिसली, की माणसं त्याला घेऊन थेट दहबियाच्या दाराशी यायची. गुरुवारी बाजाराचा दिवस. उंट, शेळ्या विकायला आलेले धनगर आपली कुत्री तिच्या उंबऱ्याशी बांधून निघून जायचे आणि दुपारी परतताना घेऊन जायचे. बदल्यात कुणी चहाची पुडी ठेवायचं, कुणी चार अंडी. दहबिया पालथ्या टोपलीवर बसायची, कुत्र्याचं डोकं मांडीवर घ्यायची, डोळे अर्धवट मिटायची आणि बोटं केसांत सोडायची. बोटं केसांच्या उलट दिशेने चालत. कानामागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी, पायाच्या बोटांच्या बेचक्यात. मध्येच थांबत. मग ती शेजारच्या बुडकुलीतून उंटाला लावायचं काळं, उग्र वासाचं गतरान काडीवर घ्यायची, त्याचा एक थेंब गोचिडीवर सोडायची, ती सुस्त होईपर्यंत वाट बघायची आणि नखांनी उपटून टोमॅटोच्या डब्यात टाकायची. डब्यात पाणी असे. एरंडाच्या बियांसारख्या टम्म गोचिडी तळाशी जाऊन बसत.

"अल्लाने हिला बोटांवर डोळे दिलेत," धनगर म्हणत.

दहबिया नुसती हसायची. बोटांना डोळे अल्लाने दिले असतील, पण ते उघडले होते तिच्या बापाच्या उंटांनी. ती राहुटीत जन्मली, राहुटीतच वाढली. नऊ वर्षांची असताना बापाने तिला बसलेल्या उंटिणीच्या मागच्या पायांजवळ उभं केलं आणि सांगितलं, "इथे हात घाल. घाबरलीस तर ती लाथ मारील. नाही घाबरलीस तरी मारील, पण जरा हळू." शाळा तिने पाहिली नाही. आकडे शिकली ते गोचिडी मोजून.

लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे चुलतभाऊ बूबकरबरोबर, ती गावातल्या पक्क्या घरात आली. बूबकर खजुराच्या बागा राखायचा. दरसाल वसंतात सगळं कुटुंब शेळ्या घेऊन वाळवंटात जायचं, राहुटी लावायचं, दोन महिने तिथेच राहायचं. सहा वर्षांपूर्वी सासू वारली आणि ते जाणं थांबलं. शेवटच्या वसंतात परतल्यावर सासूने स्वतःच्या हाताने राहुटी गुंडाळली, सात गाठी मारल्या आणि मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. तेव्हापासून ती तशीच होती. बकरीच्या केसांचे, सासूने विणलेले काळे-तपकिरी पट्टे, एकावर एक, बैल बसल्याएवढा ढीग.

त्या ढिगावर नसमा झोपायची.

नसमा चार वर्षांची स्लूगी होती, वाळवंटातली शिकारी जातीची कुत्री. वाळूच्या रंगाची, तोंडावर काळी छटा, बरगड्या मोजाव्यात इतकी सडपातळ. आई मेली तेव्हा ती पंधरा दिवसांची होती. दहबियाची मुलगी तबर तेव्हा घरातच होती. तिने फडक्याची वात शेळीच्या दुधात बुडवून हिला जगवलं. तबरचं लग्न झालं, ती दूर स्फाक्सला गेली, आणि आता फोनवर आधी विचारायची, "नसमा कशी आहे?" आणि मग, "उम्मी, तू?" दहबिया हातांना मेंदी लावायची तेव्हा उरलेली नसमाच्या पंजांना लावायची. तळवे घट्ट होतात म्हणून, असं ती सांगे. पण चारही पंजांवर इतकी नीट लावायची, की शेजारणी विचारायच्या, "नवरीचं नाव काय?"

आणि झोपायला राहुटीचा ढीग. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाकीची कुत्री अंगणाबाहेर राहतात. स्लूगीची जागा राहुटीत, घरधन्याच्या उशाशी. राहुटी उभी असो की गुंडाळलेली.

*

तबरला मुलगी झाली. बाळ दहा दिवसांचं झालं, की आईकडे चाळीस दिवस राहायला ती येत्या रविवारी येणार होती. त्याच्या आदल्या रविवारी गल्लीतल्या बायका बाळासाठी विणलेली पांढरी लोकरीची चादर बघायला जमल्या. खोलीत चहा होता, भाजलेले शेंगदाणे होते, कलौंजी लावलेली रोटी होती. बूबकरची हज करून आलेली थोरली बहीण, हाजा फज्रा, चष्मा लावून चादर निरखत होती. हाजा फज्रा काहीही निरखू लागली की सगळ्यांची छाती धडधडायची.

"दहबिया, हे काय गं?"

"कुठे, हाजा?"

"हे. काळं."

"कलौंजी असेल. रोटीवरची पडली."

हाजाने चादर डोळ्यांपाशी नेली. "कलौंजीला पाय असतात का?"

दहबिया उठली, दोन बोटांनी ती काढली. जवसाच्या दाण्याएवढी, चपटी, भुकेली. तिची बोटं खोटं बोलू शकत नव्हती.

"गावभरच्या कुत्र्यांच्या गोचिडी काढते," हाजा म्हणाली, "आणि माझ्या भावाच्या नातीच्या पांघरुणात पाळते."

एक शेजारीण चहाच्या पेल्यात हसली. दुसरीने तिला कोपरखळी मारली, पण हसू तिलाही आवरेना.

"हाजा, मी रोज नसमाला बघते. रोज काढते."

"मग ही कुठून आली? आकाशातून?"

"स्लूगी म्हणजे काही साधं कुत्रं नव्हे, आपल्यातले सगळेच..." शेजारणीने बाजू घ्यायचा प्रयत्न केला.

"गोचिडीला कुठे कळतंय ते!" हाजाने चष्मा काढला. तिचा आवाज आता उतरला होता, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "हे बघ दहबिया. दहा दिवसांचं पोर येणार आहे. गोचिडीने ताप येतो, हे तूच मला सांगितलंयस. सबरिया गावच्या झैदला मी निरोप धाडते. शिकारी माणूस आहे, कुत्रा जपणारा आहे. रविवारी सकाळी दोर घेऊन येईल. तबर दारात यायच्या आत नसमा या घरात नको."

"आणि तबरला काय सांगू?"

"सांग, तुझ्या पोरीसाठी गेली."

हाजा चुकीचं बोलत असती तर भांडता आलं असतं.

*

सोमवारी पहाटे तिने नसमाला अंगणात आडवं घातलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. तेवीस गोचिडी निघाल्या. तेवीस! घरच्या कुत्रीच्या अंगावर! तिने त्या डब्यात टाकल्या, सवयीप्रमाणे डबा मागच्या खोलीच्या भिंतीशी, डाळिंबाच्या बुंध्यात ओतला आणि हात धुतले. मंगळवारी एकोणीस निघाल्या, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. बुधवारी सव्वीस.

नसमा बिचारी पाय वर करून पडून राहायची, अधूनमधून तिच्या मनगटाला नाक लावायची. गतरानच्या वासाने शिंकायची.

"काकाच्या लेके," बूबकर म्हणाला. तो नुकताच बागेतून आला होता. नराचे तुरे मादीच्या घोसात बांधायचे दिवस होते, त्याच्या दाढीत पांढरी भुकटी अडकली होती. "गुरुवारी बाजारात ती डॉक्टरीण बसते म्हणे. तिला विचार की."

"ती पोर? तिला गोचीड पुस्तकात भेटली असेल."

"कुठेही भेटलेली असो. ओळख तर आहे ना?"

दहबियाने नसमाच्या कानाची पाळी उलटी करून पाहिली. सकाळीच काढलेल्या जागेशेजारी आणखी एक चिकटली होती.

"तबरच्या बाबा," ती म्हणाली, "उद्या माझ्या दाराशी कुत्री घेऊन कुणी आलं, तर सांगा, दहबिया डॉक्टरकडे गेली. आणि हसले तर हसू द्या."

*

डॉक्टरीणबाईचं नाव इम्तिनान. जनावरांच्या बाजारात एका छपराखाली टेबल टाकून ती बसली होती. वय तिशीच्या आत, पायात पुरुषी बूट, एका कोकराला सुई टोचत होती. दहबिया नसमाला घेऊन रांगेत उभी राहिली तेव्हा धनगरांमध्ये कुजबुज झाली. मग कुजबुजीचं हसणं झालं.

"लल्ला दहबिया!" एकाने आदराचं 'लल्ला', म्हणजे 'बाईसाहेब', लावून विचारलं. "तुम्हीच आजारी की कुत्री?"

"मी. डोक्याने."

इम्तिनानने मान वर केली. "दहबिया म्हणजे त्या तुम्ही? इकडचा प्रत्येक धनगर मला सांगतो, तुझ्यापेक्षा आमची दहबिया बरी."

"मग खरं-खोटं करून टाकू," कुणीतरी ओरडलं, आणि एका धनगराने आपला दांडगा केसाळ कुत्रा टेबलावर चढवलादेखील. "डावा कान डॉक्टरचा, उजवा लल्लाचा!"

इम्तिनान हसली. बायकांनी कोंडाळं केलं. दोघींनी कान वाटून घेतले. दहबियाच्या बोटांनी सहा शोधल्या, तोवर डॉक्टरला चार सापडल्या होत्या. पण डॉक्टरच्या हातात बारीक टोकाचा चिमटा होता. गोचिडीला पोटाशी न धरता अगदी कातडीलगत, तोंडापाशी पकडायची, पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही, सरळ वर, सावकाश ओढायची. गोचीड तोंडासकट अख्खी निघायची. दहबिया गतरानची काडी घेऊन गोचीड सुस्त व्हायची वाट बघत बसली, तोवर डॉक्टरच्या चारही निघाल्या होत्या.

"लल्ला, शोधण्यात मी हरले," इम्तिनान म्हणाली. "पण ते डांबर टाका. तेल, डांबर, विस्तव, काही नको. तिला त्रास झाला की ती पोटातलं रक्तात ओकते. आजार तिथूनच शिरतो. आणि नखांनी नका काढू. फुटली तर तुमच्याच बोटांना लागेल."

दहबियाने काडी खाली ठेवली. चाळीस वर्षांचा वास त्या काडीला होता.

"काढल्यावर टाकता कुठे?"

"बुडवते. पाण्यात." तिने पिशवीतून डबा काढला. कालच्या सव्वीस अजून तळाशी होत्या. घाईत ओतायच्या राहिल्या होत्या. "बघ पोरी, एकही हलत नाही."

इम्तिनानने डबा घेतला, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि पाणी गाळून गोचिडी त्यावर ओतल्या. कागद उन्हात सरकवला. "चहा घेऊ या," ती म्हणाली.

चहा अर्धा झाला नव्हता, तोच पहिल्या गोचिडीने एक पाय ताणला. माणूस दुपारच्या झोपेतून उठताना ताणतो तसा. मग दुसरा. मग शेजारची जागी झाली. थोड्या वेळात कागदावर मेळाच भरला. सगळ्या कडेकडेने निघाल्या, जणू त्यांनाही बाजाराला उशीर झाला होता.

धनगर पोट धरून हसले. एकाने तर जमिनीवर बसकण मारली. दहबियाचे कान तापले, पण नजर त्या कागदावरून हलेना. इतकी वर्षं! दर गुरुवारी गावभरच्या कुत्र्यांच्या गोचिडी तिने मन लावून काढल्या होत्या, न्हाऊ घातल्या होत्या, आणि...

"पाणी ओतता कुठे, लल्ला?"

"डाळिंबाच्या बुंध्यात. मागच्या खोलीच्या भिंतीशी."

"त्या खोलीत काय आहे?"

"काही नाही. राहुटी. गुंडाळलेली."

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

"आणि ही झोपते कुठे?"

दहबियाने नसमाकडे पाहिलं. नसमाने शेपूट हलवली.

"राहुटीवर," ती म्हणाली. "स्लूगी आणखी कुठे झोपणार?"

इम्तिनान हसली नाही, आणि त्याबद्दल दहबियाने तिला मनातल्या मनात दुवा दिला. कागदावरच्या गोचिडी तिने झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये टाकल्या. तिथे त्या खरोखरच संपल्या. मग सांगू लागली: ही जात कुत्र्याच्या अंगावर पोट भरेपर्यंतच राहते. बाकीचा सगळा जन्म भिंतीच्या भेगेत, छताच्या खजुराच्या ओंडक्यांत, घड्यांत, शिवणीत. तिथेच अंडी, हजारांनी. "तुम्ही कुत्री रोज साफ केलीत, पण त्यांचं गाव तुमच्या घरात वसलंय. अंगावरच्या नुसत्या पाहुण्या होत्या."

तिने नसमाच्या मानेवर, दोन खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून औषधाचे थेंब सोडले. महिन्याने पुन्हा द्यायचे. शेळ्यांवर मारायचं औषध कुत्रीला कधी लावायचं नाही, कुत्री मरतात त्याने. खालच्या पापण्या, हिरड्या बघून ठेवायच्या. पांढुरक्या दिसल्या किंवा ती खाईनाशी झाली तर लगेच आणायचं. भिंतींना फवारा, भेगा बुजवायच्या, वर चुना, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. तोवर त्या घरात बाळंतिणीला ठेवायचं नाही.

"आणि राहुटी?"

"उलगडा. झोडपा. धुवा. भर दुपारी तापलेल्या वाळूवर पसरा, दोन-तीन दिवस, उलटसुलट करून."

"पोरी," दहबिया म्हणाली, "ते सगळ्यात कठीण आहे."

*

कठीण अशासाठी, की गुंडाळलेली राहुटी निघायचं असेल तेव्हाच सोडतात. उगाच सोडली, तर घरातलं कुणीतरी घर सोडून जातं, असं सगळे मानत. त्यात त्या गाठी सासूच्या होत्या. बूबकर सणाच्या दिवशी त्या खोलीत जायचा, ढिगावर हात ठेवायचा आणि परतायचा. आईच्या हातचं एवढंच काय ते घरात उरलं होतं.

शुक्रवारची नमाज झाल्यावर हाजा फज्रा आली. दहबियाने सगळं सांगितलं: डबा, कागद, बाजारातलं हसणं. काही लपवलं नाही.

"म्हणजे गोचिडी माझ्या आईच्या राहुटीत आहेत, असं तुझं म्हणणं आहे?"

"डॉक्टरीण म्हणते."

"माझ्या आईची राहुटी अशी असायची, की तिच्यावर भाकरी थापावी!"

"सहा वर्षांपूर्वी, हाजा. त्यांच्या हातून स्वच्छच आली. घाण मी केली. भिंतीपलीकडून, दर गुरुवारी."

हाजा थबकली. दहबिया स्वतःहून चूक कबूल करील, याची तयारी तिने केली नव्हती.

बूबकर दारात उभा होता. "उलगडली, तर कुणी जाईल," तो हळूच म्हणाला.

"उलगडली नाही, तर नसमा जाईलच. ते तर ठरलंय," दहबिया म्हणाली. "आणि नुसतं उलगडायचं नसतं ना? मग निघू या. राहुटी घेऊन जाऊ. बागांपलीकडे, पहिल्या टेकडीशी. तबरला या घरात पंधरा दिवस ठेवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणते. कुणी एकाने घर सोडायच्या आत सगळेच सोडू."

बूबकरने बहिणीकडे पाहिलं. हाजाने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मी त्याच राहुटीत जन्मले," ती शेवटी म्हणाली. "वारा सुटला होता, आई सांगायची. व्हा बाजूला. गाठी मी सोडते."

पहिल्या सहा गाठी सुटल्या. सातवीशी तिची नखं हरली. आईने ती फार घट्ट मारली होती. हाजाने ती दातांनी सैल केली, आणि कुणीही हसलं नाही. मग पहिला पट्टा उलगडला. शिवणीच्या कडेने, मोहरी सांडावी तशा, लहान, मोठ्या, चपट्या, टम्म, ओळीने बसलेल्या. उजेड पडताच त्या चालू लागल्या.

हाजा दोन पावलं मागे सरली. "या अल्लाह," ती म्हणाली. आणि मग, "बूबकर, बघतोस काय! चटई आण. हातमोजे आण. त्या शेजारणीला हाक मार, चहा पिऊन हसत होती ना ती!"

*

दोन दिवस गल्लीत दुसरं बोलणं नव्हतं. पट्टे पिकअपमध्ये घालून टेकडीपाशी नेले. शेजारणी खजुराच्या देठांनी त्यांना झोडपत होत्या, साबणाच्या पाण्याने धूत होत्या, दुपारी हात लावता येणार नाही अशा वाळूवर पालथे घालत होत्या. एप्रिल संपत आला होता, ऊन आता राखून तापत नव्हतं. हाजा फज्रा उन्हात छत्री घेऊन उभी राहून हुकूम सोडत होती: "त्या शिवणीत काडी फिरव! नाही, तशी नाही, आईने अशी शिवण घातलीय, ही बघ!" घरी बूबकर भिंतींच्या भेगा बुजवत होता आणि फवारा सुकल्यावर वर चुना मारत होता. दहबिया शनिवारी नसमाला तपासायला बसली. तीन निघाल्या, तीनही मेलेल्या. तिने त्या तरीही बाटलीतच टाकल्या आणि झाकण दोनदा फिरवलं.

पण झैदला दिलेला निरोप हाजाने परत घेतला नव्हता. दहबियाने विचारलं नाही. विचारलं आणि हाजाने 'दिलाय तो दिलाय' म्हटलं, तर मग काही उरणार नव्हतं.

रविवारी सकाळी राहुटी उभी राहू लागली. मधला खांब लागला, पट्टे वर चढले, आणि मग बूबकरने जुने दोर ताणले. एक तुटला. दुसराही. सहा वर्षांत उंदरांनी आपला वाटा घेतला होता. राहुटी एका बाजूने खाली बसली, आणि नेमका तेव्हाच सबरियाचा झैद टेकडी चढून आला. खांद्यावर नवा कोरा दोर, लांबच लांब.

"सलाम, हाजा. कुत्री कुठाय?"

नसमा दहबियाच्या गुडघ्याशी उभी होती. दहबियाचा हात तिच्या मानेवर होता. औषधाचे थेंब सोडले होते, तिथेच. बोटांखाली नसमाची नाडी चालत होती, शांत, सावकाश. तिला कुठे काय माहीत होतं.

हाजा फज्राने झैदकडे पाहिलं. मग दोराकडे. मग खाली बसलेल्या राहुटीकडे.

"दोर किती लांब आहे?"

"वीस हात. का?"

"आण इकडे."

"आणि कुत्री?"

"कुठली कुत्री? स्लूगी आहे ती, राहुटीची आहे. राहुटी उभी राहिली तर तिची जागा राहुटीत. दोर दे, झैद. सुरी कुणाकडे आहे? चार तुकडे कर."

"हाजा, मी सबरियाहून एवढा..."

"मग जेवून जा. मोकळ्या हाताने आलास, असं थोडंच कुणी म्हणणार आहे?"

झैदने दहबियाकडे पाहिलं. ती ओढणीचा पदर तोंडाला लावून उभी होती, खांदे हलत होते. हसत होती की काय, त्याला कळेना. त्याने मान हलवली, सुरी काढली आणि दोर कापायला बसला.

*

तबर दुपारी पोहोचली. घराशी उतरली तर दारावर ओला चुना. शेजारच्याने तिला टेकडीपर्यंत आणून सोडलं. बाळ छातीशी धरून ती वाळूत उभी राहिली आणि काळ्या राहुटीकडे बघत राहिली.

"उम्मी, कुणाचं लग्न आहे का?"

दहबिया तोंड उघडणार, त्याआधी नसमा सुटली होती. तबरच्या चारी बाजूंनी तिने तीन वर्तुळं मारली, मग अचानक थांबली, गुंडाळलेल्या बाळाकडे लांबून नाक वळवलं आणि खाली बसली.

"मोठी झाली गं ही," तबर म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि आईला मिठी मारायची राहून गेली होती. दहबियाने ते मनावर घेतलं नाही. तिला सवय होती.

राहुटीच्या बाजू वर गुंडाळल्या होत्या, आतून वारा वाहत होता. बाळ पांढऱ्या चादरीवर झोपलं होतं. ती चादर दहबियाने दोनदा धुऊन उन्हात तापवली होती. रोटी आली, चहा झाला. झैद हाजाच्या जन्माच्या वेळच्या वाऱ्याची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकत होता. दहबियाच्या गळ्यात दोरीला बारीक टोकाचा चिमटा होता, डॉक्टरने दिलेला. पुढच्या गुरुवारपासून तिने बाजारातल्या छपराशेजारीच टोपली टाकावी, असं दोघींचं ठरलं होतं. शोधायचं दहबियाने, औषध इम्तिनानने, आणि घराच्या भिंतीशी काहीही ओतायचं नाही.

हाजा फज्रा आडवी झाली होती. नसमा येऊन तिच्या उशाशी बसली, तशी ती उठली, चष्मा लावला आणि नसमाचा कान धरून उलटा केला. कानामागे पाहिलं. बेचक्यात पाहिलं. मग थांबली.

"दहबिया. इकडे ये."

झैदचा घोट घशात राहिला. दहबिया गुडघ्यांवर सरकत आली, चिमटा हातात घेतला. नसमाच्या कानाच्या कडेला, केसांत, काळं काहीतरी होतं. तिने ते चिमट्याने उचललं, तळहातावर ठेवलं आणि वाट पाहिली. सगळेच वाट बघत होते.

ते हललं नाही. तिने बोटाने उलटं केलं. पाय नव्हते.

"कलौंजी, हाजा," ती म्हणाली.

हाजाने खात्री करायला तळहात चष्म्याजवळ नेला. मग दाणा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"चांगली भाजलीय रोटी," ती म्हणाली, आणि नसमाच्या मानेला टेकून पुन्हा आडवी झाली.